चुकलेल्या उत्तराचं पुढे काय होतं?

शाळा बघायला गेले, की मी आधी वह्या मागते. मुख्याध्यापकांना हे जरा चमत्कारिक वाटतं. त्यांनी माझ्यासाठी संगणक कक्ष उघडून, पुसूनबिसून ठेवलेला असतो, ग्रंथालयाच्या कपाटाची किल्ली शोधून आणलेली असते. मी म्हणते, "तिसरीच्या गणिताच्या वह्या मिळतील? कुठल्याही चार-पाच. मुद्दाम हुशार मुलांच्या नकोत." मग थोडी कुजबूज होते, कुणीतरी वर्गाकडे धावतं, आणि येतात त्या वह्या बहुतेक वेळा हुशार मुलांच्याच असतात.

तरीही वहीवरून बरंच कळतं. आधी मी स्वतः शिकवत होते, आता दुसऱ्यांचे तास शेवटच्या बाकावरून बघणं हे काम आहे. आणि या सगळ्यातून माझा एक पूर्वग्रह पक्का झालाय. जिच्यात एकही खाडाखोड नाही अशी वही दिसली, की मला शंका येते. निबंधाची वही उघडावी तर सगळ्यांची आई 'प्रेमळ आणि कष्टाळू', सगळ्यांचा आवडता प्राणी कुत्रा, आणि कुत्र्याविषयीचं चौथं वाक्य सगळीकडे तेच. स्वल्पविरामसुद्धा त्याच जागी. अक्षर सुरेख, समास आखलेले, शेवटी लाल शाईत 'छान'. फळ्यावरून उतरवलेलं आहे हे सांगायला नको. उतरवून घेण्यात मूल तरबेज झालंय एवढंच त्यातून समजतं. त्याच्या डोक्यात काय चाललंय याचा थांगपत्ता लागत नाही.

खाडाखोडीच्या वहीत तो लागतो. एका मुलीची वही माझ्या चांगली लक्षात आहे. वजाबाकीचं पान होतं. ५२ वजा ३८, उत्तर २६. ६१ वजा २७, उत्तर ४६. ७० वजा ४६, उत्तर ३६. ओळीने फुल्या. मधेच ८५ वजा ३२, उत्तर ५३, तिथे बरोबरची खूण. आणि पानाखाली शेरा: 'लक्ष देऊन सोडव.'

आता ही गणितं सावकाश बघा. मुलीने लक्ष दिलंच होतं, आणि चांगलं भरपूर दिलं होतं. एककाच्या घरात २ आणि ८, मोठ्यातून लहान काढलं, राहिले ६. दशकाच्या घरात ५ आणि ३, मोठ्यातून लहान काढलं, राहिले २. प्रत्येक गणितात हाच नियम, कुठेही धरसोड नाही. ८५ वजा ३२ मध्ये हातच्याची भानगडच नव्हती, म्हणून तिथे तिचा नियम चालून गेला. आणि हा नियम काही तिने स्वतःच्या मनाने काढलेला नव्हता. पहिलीत कुणीतरी तिला बजावलं होतं की लहानातून मोठं वजा होत नाही, नेहमी मोठ्यातून लहान वजा करायचं. तिने बाईंचं ऐकलं, बस.

जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी १९७८ साली नेमक्या अशाच चुकांवर एक शोधनिबंध लिहिला. मुलांच्या वजाबाकीतल्या कितीतरी चुका वेंधळेपणाच्या नसतात, असं त्यांनी दाखवून दिलं. मूल एखादा चुकीचा नियम अगदी काटेकोरपणे पाळत असतं, आणि तो नियम एकदा हाती लागला की पुढच्या गणिताला ते कोणतं चुकीचं उत्तर देईल हे आधीच सांगता येतं. मला ही गोष्ट कळली तेव्हा वह्या तपासण्याकडे बघण्याची माझी नजरच बदलली. 'लक्ष देऊन सोडव' हा शेरा त्यानंतर मला वाचवत नाही.

त्या वर्गावर नंतर दुसऱ्या बाई आल्या. त्यांनी हीच वही उघडून मुलीला जवळ बोलावलं. "५२ वजा ३८ कसं केलंस, सांग बघू." मुलीने लगेच खोडरबर हातात घेतला. कसं केलंस असं विचारलं म्हणजे चुकलं, हे तिला एव्हाना पाठ होतं. बाई म्हणाल्या, "खोडू नकोस, मला तुझी रीत ऐकायचीय." रीत ऐकून घेतली, मान डोलावली, आणि काड्या काढल्या. दहा-दहाचे पाच गठ्ठे, रबरबँड लावलेले, आणि दोन सुट्या. "यातल्या अडतीस मला दे." मुलीने तीन गठ्ठे बाईंपुढे ठेवले. मग दोन सुट्या काड्या उचलल्या आणि थांबली.

"आठ नाहीयेत."

"मग?"

बाई पुढे काही बोलल्या नाहीत. मुलगी उरलेल्या दोन गठ्ठ्यांकडे बघत राहिली, एक गठ्ठा उचलून उलटासुलटा केला, परत ठेवला. मागे वर्गात गोंधळ वाढत चालला होता. बाईंनी तिकडे नजरही वळवली नाही. शेवटी मुलीने विचारलं, "बाई, याचा रबर काढला तर चालेल?"

हातचा म्हणजे काय, हे त्या वर्गात फळ्यावर कितीदा तरी समजावून झालं होतं. या मुलीला तो त्या क्षणी मिळाला.

चांगली शाळा कुठली, असं मला ओळखीपाळखीचे लोक विचारतात. इमारत, शुल्क, माध्यम, अंतर, निकाल असं सगळं कोष्टक त्यांच्याकडे तयार असतं. माझ्याकडे एकच कसोटी आहे आणि ती ऐकून ते थोडे हिरमुसतात: उत्तर चुकलं, की त्या शाळेत पुढे काय होतं?

बहुतेक ठिकाणी काहीच होत नाही, कारण तेवढा वेळच नसतो. मेरी बड रो नावाच्या विज्ञानशिक्षणाच्या अभ्यासक होत्या. त्यांनी प्राथमिक वर्गांतल्या तासांच्या ध्वनिफिती ऐकून शिक्षक प्रश्न विचारल्यावर किती थांबतात हे मोजलं. सरासरी निघाली जेमतेम एक सेकंद. तेवढ्यात उत्तर आलं नाही तर शिक्षक प्रश्न दुसऱ्याकडे ढकलत, किंवा स्वतःच उत्तर देऊन मोकळे होत. मग त्यांनी शिक्षकांना तीन सेकंद थांबायला शिकवलं. फक्त तीन. उत्तरं लांब झाली, 'माहीत नाही'चं प्रमाण उतरलं, एरवी गप्प असणारी मुलं बोलू लागली, आणि मुलं स्वतः प्रश्न विचारू लागली. हे १९७०च्या दशकातलं काम. तेव्हापासून शिक्षकांच्या प्रशिक्षणांत ते सांगितलं जातं, टाळ्या पडतात, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात पुन्हा एक सेकंद.

तीन सेकंद थांबून बघा एकदा. चाळीस मुलांसमोर उभं राहून ते फार मोठे वाटतात. पहिल्या सेकंदात पुढच्या बाकांवरचे ठरलेले चार हात वर येतात, "बाई मी, बाई मी" सुरू होतं. दुसऱ्यात तुम्हाला वाटू लागतं की आपला प्रश्नच फसला. तिसऱ्यात, जर तोवर तुम्ही धीर सोडला नसेल, तर मधल्या रांगेतलं कुणीतरी भुवया आक्रसून छताकडे बघायला लागलेलं दिसतं. ते मूल विचार करतंय. पुढच्या चार हातांपैकी एकाला तुम्ही 'सांग' म्हणालात, की त्याचं काम थांबतं. उत्तर आलंय, आता कशाला डोकं शिणवायचं?

रो यांनी दुसरंही एक थांबणं मोजलं होतं, त्याकडे लोकांचं लक्ष कमी जातं. उत्तर आल्यानंतरचं. मूल बोललं रे बोललं की आपण 'शाब्बास' किंवा 'चूक' म्हणून मोकळे होतो. तिथेही तीन सेकंद गप्प राहिलं तर मूल बहुतेक वेळा पुढे काहीतरी जोडतं, किंवा स्वतःच म्हणतं, "नाही नाही, थांबा."

पण त्या मुलीने खोडरबर का उचलला, ते अजून सांगायचं राहिलं. यावर मला सगळ्यात आवडणारा प्रयोग जेम्स मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन या मानसशास्त्रज्ञांचा आहे, १९७४ सालचा. त्याच्या आधी मुलांच्या विचारांचे अभ्यासक जाँ पियाजे यांनी दाखवलं होतं की लहान मुलांसमोर सोंगट्यांच्या दोन सारख्या ओळी मांडल्या आणि मग एक ओळ पसरून लांब केली, तर चार-पाच वर्षांची मुलं लांब ओळीत जास्त सोंगट्या आहेत असं सांगतात. निष्कर्ष असा की या वयात संख्येची समज अजून पक्की झालेली नसते. डोनाल्डसन यांना वेगळीच शंका आली. मोठं माणूस आधी विचारतं, 'दोन्हीकडे सारख्या आहेत का?' मूल म्हणतं, हो. मग ते मोठं माणूस मुलाच्या डोळ्यांदेखत मुद्दाम एक ओळ पसरतं आणि तोच प्रश्न पुन्हा विचारतं. आता मुलाने काय समजायचं? एवढं सगळं केलं म्हणजे काहीतरी बदललं असणार, आणि पुन्हा विचारलं म्हणजे आधीचं उत्तर यांना चाललेलं नाही.

म्हणून त्यांनी एक खट्याळ टेडी अस्वल आणलं. ते खोक्यातून बाहेर येऊन 'गडबड' करायचं आणि ओळ विस्कटून टाकायचं. मग मुलाला विचारायचं. मोठ्या माणसाने ओळ पसरली तेव्हा दर सहा मुलांत जेमतेम एकाने बरोबर उत्तर दिलं. अस्वलाने गडबड केल्यावर निम्म्याहून जास्त मुलांनी दिलं. सोंगट्या त्याच, प्रश्न तोच. मुलं आधी सोंगट्यांपेक्षा विचारणाऱ्याच्या चेहऱ्याकडे जास्त बघत होती, इतकंच. (नंतरच्या संशोधकांनी या प्रयोगाला फाटेही फोडले आहेत, ते बाजूला ठेवू. वर्गात बसणाऱ्याला यातली गोष्ट रोज दिसते.)

शाळेत येऊन मूल जे सगळ्यात लवकर शिकतं ते हेच: बाईंचा चेहरा वाचायला. 'नक्की?' असं विचारलं की उत्तर बदलायचं. 'कुणाला काही शंका?' असं विचारलं की नाही म्हणायचं. 'समजलं ना?' याचं उत्तर तर सगळ्या वर्गाने एका सुरात द्यायचं असतं. माझ्या पाहण्यात ज्या वर्गांत मुलं खरोखर शिकत होती, तिथल्या बाईंना एक साधी सवय होती. त्या बरोबर उत्तरालाही "कसं काढलंस?" असंच विचारायच्या, चुकीच्या उत्तराला विचारतात त्याच चेहऱ्याने. सुरुवातीचे काही आठवडे हुशार मुलंसुद्धा घाबरून उत्तरं बदलायची. मग हळूहळू त्या प्रश्नातली भीती निघून जायची.

जेम्स स्टिग्लर या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये जपानमधल्या एका चौथीच्या वर्गात बघितलेला प्रसंग नंतर अनेकदा सांगितला आहे. मुलं कागदावर घनाकृती काढायला शिकत होती. एका मुलाचा घन वेडावाकडा येत होता. शिक्षकांनी त्यालाच फळ्यावर बोलावलं. स्टिग्लर अमेरिकेत वाढलेले. तिथे फळ्यावर सगळ्यात चांगलं जमणाऱ्याला बोलवायची रीत. इथे जमत नसलेला मुलगा फळ्यावर, आणि शिक्षक अधूनमधून वर्गाला विचारताहेत, 'जमलं का त्याला?' वर्ग मान हलवून नाही म्हणतोय, आणि मुलगा पुन्हा काढतोय. बघता बघता स्टिग्लर यांनाच घाम फुटला. आता हे पोर रडणार. पोर काही रडलं नाही. तासाच्या शेवटी त्याचा घन जमला, वर्गाने टाळ्या वाजवल्या, तो जागेवर जाऊन बसला.

यावरून 'जपानी शाळा थोर' असा निष्कर्ष मी काढणार नाही. तिथल्या परीक्षांचा ताण हा वेगळाच विषय आहे. आणि हीच गोष्ट दुसऱ्या एखाद्या वर्गात केली तर निव्वळ छळ होईल. फळ्यापाशी उभं राहणं ही शिक्षा आहे की काम, हे त्या दिवशी ठरत नसतं. त्याआधी कित्येक महिने वर्गात काय घडलंय त्यावर ते अवलंबून असतं.

इथवर वाचून कुणाला वाटेल की मी लाडाकोडाच्या शाळेची भलामण करतेय. तसं नाही, उलट मला त्या शाळांचीही धास्ती वाटते. हल्ली अशा शाळा भेटतात, जिथे कुणी ओरडत नाही, सगळे हसतमुख, दिवसभर खेळ, गाणी, कागदकाम. आणि चौथीतल्या मुलाला एक परिच्छेद धड वाचता येत नाही. त्याची चूक कुणी दाखवलेलीच नसते, कारण मुलाला वाईट वाटेल. असं वागणं म्हणजे त्या मुलाला गोड बोलून वाऱ्यावर सोडणं. वाचनावर संशोधन करणाऱ्या कीथ स्टॅनोविच यांनी १९८६ साली वाचनाबद्दल एक गोष्ट मांडली, ती प्राथमिक शाळेत काम करणाऱ्या प्रत्येकाने भिंतीवर लावून ठेवावी. ज्यांना सुरुवातीला वाचता येतं ती मुलं जास्त वाचतात, त्यातून शब्द शिकतात, म्हणून आणखी चांगलं वाचतात. ज्यांना येत नाही ती वाचन टाळतात, आणि दरी वाढत जाते. पुढे विज्ञान, इतिहास, शाब्दिक गणितं, सगळं वाचूनच शिकायचं असल्याने ती वाचनापुरती राहत नाही.

तेव्हा अक्षर आणि आवाज यांचं नातं नीट, क्रमाने, रोज शिकवणं. कुणाचं कुठे अडतंय हे दर थोड्या दिवसांनी तपासणं. अडलेल्याला त्याच आठवड्यात वेगळं घेऊन बसणं, हे सगळं लागतंच. पाढेही लागतात. ज्या मुलाला सात आठे आठवायलाच मिनिट जातं, त्याला भागाकारातला विचार करायला डोकं शिल्लक राहत नाही. पाठांतराला नावं ठेवायची फॅशन मला कधी कळली नाही. पाठांतरावर गाडी थांबते तिथे घोटाळा होतो. आणि पाढा चुकला तर सांगायचं, हा इथे चुकला, पुन्हा म्हण. त्यात अपमान कसला? अपमान स्वरात असतो, आणि मुलांना स्वर बरोबर कळतो.

इमारतीबद्दल पालक जास्त बोलतात, म्हणून थोडं मीही बोलते. माझ्या यादीत पहिलं नाव स्वच्छतागृहाचं. नको तितकी सजवलेली प्रवेशद्वारं बघत आत गेल्यावर मी आधी तिकडे जाते: दाराला कडी आहे का, पाणी येतंय का, आणि मुख्य म्हणजे तास चालू असताना मुलाला जाता येतं का. शाळेतलं स्वच्छतागृह वापरायला नको म्हणून सकाळपासून पाणी न पिणाऱ्या मुली मी बघितल्या आहेत. दुपारच्या तासाला त्यांचं डोकं दुखत असतं आणि वहीवर शेरा पडतो तोच, 'लक्ष देत नाही.'

दुसरं नाव शांततेचं. १९७५ साली आर्लिन ब्रॉन्झाफ्ट आणि डेनिस मॅकार्थी यांनी न्यूयॉर्कमधल्या एका शाळेचा अभ्यास छापला. शाळेच्या एका अंगाने उन्नत रेल्वेमार्ग जात होता. त्या बाजूच्या वर्गांतली मुलं दुसऱ्या, शांत बाजूच्या मुलांपेक्षा वाचनात मागे होती; सहावीपर्यंत हा फरक जवळपास वर्षभराचा झाला होता. गाडी आली की बाई गप्प, गाडी गेल्यावर 'हं, कुठे होतो आपण?' हे दिवसभर. पुढे रुळांखाली रबराच्या गाद्या बसवल्या, वर्गांच्या छतांना आवाज शोषणारं आवरण लावलं, आणि काही वर्षांनी पुन्हा तपासलं तेव्हा दोन्ही बाजूंची मुलं सारखी वाचत होती. शाळांचे खर्च ठरवणाऱ्यांनी ही गोष्ट ऐकावी असं मला फार वाटतं, कारण पंखा खडखडत असलेल्या वर्गात शेवटच्या बाकावर बसून मला स्वतःलाच अर्धं ऐकू येत नाही.

भिंतींच्या सजावटीबद्दल मात्र मी अरसिक आहे. रंगीत तक्ते, झुलणारे फुलपाखरांचे पट्टे, कोपऱ्यात कार्टून, खांबांवर पाढे. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या ॲना फिशर आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये बालवाडीच्या मुलांना कधी खूप सजवलेल्या, तर कधी उघड्या भिंतींच्या खोलीत विज्ञानाचे छोटे पाठ दिले. उघड्या भिंतींच्या खोलीत मुलांची ५५ टक्के उत्तरं बरोबर आली, सजवलेल्या खोलीत ४२ टक्के. प्रयोग लहान होता, मुलं चोवीसच. तेवढ्यावरून तक्ते फाडायला नकोत. पण मुलांनी स्वतः केलेलं, चालू पाठाशी जोडलेलं, महिन्याभराने बदलणारं काही भिंतीवर असेल तर त्याला अर्थ आहे. उरलेलं पाहुण्यांसाठी असतं.

वर्गात मुलं किती असावीत, यावर वाद घालण्यात माणसं आयुष्यं घालवतात. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात १९८५ पासून चार वर्षं याचा मोठा प्रयोग झाला. बालवर्गापासून तिसरीपर्यंतची मुलं आणि शिक्षक चिठ्ठ्या टाकल्यासारखे वाटून दिले. काही वर्गांत १३ ते १७ मुलं, काहींत २२ ते २५. लहान वर्गांतली मुलं पुढे गेली आणि गरीब घरांतल्या मुलांना जास्त फायदा झाला. मात्र वर्ग लहान केला आणि शिकवणं तेच ठेवलं, तर पंधरा मुलांसमोरही तेच व्याख्यान होतं. ज्या बाईंनी काड्या काढल्या त्यांच्यासारख्या माणसाला लहान वर्ग मिळाला तर सोनं होतं. चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात एका मुलीपाशी तेवढं थांबणं त्यांनाही रोज परवडणार नाही, आणि परवडत नाही याचा दोष त्यांच्या माथी मारता येणार नाही.

गुण, तारे, हसऱ्या चेहऱ्यांचे शिक्के यांविषयी एकच सांगते. रूथ बटलर या मानसशास्त्रज्ञांनी १९८८ मध्ये शाळकरी मुलांचे तीन गट करून बघितले. एका गटाला कामावर नुसते गुण, दुसऱ्याला नुसता लेखी अभिप्राय, तिसऱ्याला दोन्ही. अभिप्रायवाल्यांची आवड टिकली आणि काम सुधारलं. दोन्ही मिळालेल्यांना अधिक फायदा व्हायला हवा होता ना? त्यांची गत नुसत्या गुणवाल्यांसारखीच झाली. गुण दिसले की खालचं कुणी वाचत नाही. मोठी माणसं तरी कुठे वाचतात?

आणि भाषा. आपल्याला कळलं नाही हे सांगायलासुद्धा भाषा लागते. घरी एक भाषा आणि शाळेत निराळी, असं असेल तर मुलाला काय अडलंय हे धड विचारताही येत नाही. फार तर ते गप्प बसतं आणि 'शांत मुलगा' म्हणून प्रगतिपुस्तकात त्याचं कौतुक होतं. युनेस्कोने १९५३ सालीच मातृभाषेतून शिकवण्याची बाजू स्पष्ट शब्दांत मांडली होती. वरच्या इयत्तांत दुसरी भाषा चांगली शिकवा, जरूर शिकवा. पण पहिली-दुसरीत बाईंना मुलाच्या घरच्या बोलीतले निदान काही शब्द येणं, आणि ते उच्चारल्यावर वर्गात कुणी फिदीफिदी न हसणं, याने किती मुलं बोलती होतात ते मी बघितलंय.

हे सगळं असूनही एखादी शाळा नुसती बरी राहते आणि एखादी खरोखर चांगली होते, त्याचं कारण बहुतेक वेळा मला शिक्षकांच्या खोलीत सापडतं. मधल्या सुट्टीत तिथे कशाबद्दल बोलणं चालतं? वेतन, बदल्या, निवडणुकीची कामं, कुणाच्या घरचं लग्न, हे सगळं असणारच, माणसंच आहेत. पण त्यातच कुणी "आज माझा तास पार फसला" असं मोकळेपणाने म्हणू शकतं का? ज्या शाळेत शिक्षकाला आपली अडचण झाकावी लागते, तिथे मुलांनीही झाकावी हे ओघानेच येतं. वरून तपासणीला कुणी आलं की वर्ग चकाचक, सगळं आलबेल, आणि आठ दिवस आधीपासून मुलांकडून उत्तरं घोकून घेतलेली. घोकून घेणाऱ्या बाईंना दोष देण्याआधी, त्यांनी 'माझ्या वर्गातल्या दहा मुलांना वाचता येत नाही' असं सांगितलं असतं तर त्यांचं काय झालं असतं, हे विचारायला हवं.

जपानी प्राथमिक शाळांत शंभराहून जास्त वर्षं एक पद्धत चालत आलीय. काही शिक्षक मिळून एकच पाठ बारकाईने आखतात. एकजण तो शिकवतो, बाकीचे वर्गात बसून मुलांकडे बघतात: कोण कुठे अडलं, कोणत्या प्रश्नाला कुणी काय म्हटलं. मग चर्चा होते ती पाठावर. पाठ सगळ्यांनी मिळून आखलेला असल्याने तो फसला तर एकट्याचं नाक कापलं जात नाही. आपल्याकडे हे तसंच्या तसं आणता येईल असं मी म्हणत नाही. पण एवढा मोठा थाट नसतानाही त्यातला गाभा मी एका लहानशा शाळेत बघितलाय.

चौथीच्या वर्गावरची एक तरुण शिक्षिका मधल्या सुट्टीत डबा न उघडताच बसली होती. कुणीतरी विचारलं तेव्हा म्हणाली, "मला भागाकार शिकवताच येत नाही हो. मी सांगते तेव्हा त्यांना येतो, मी पाठ फिरवली की गेला." क्षणभर मला वाटलं, आता कुणीतरी हसणार. वयाने सगळ्यात मोठ्या बाई डब्यातला घास संपवत म्हणाल्या, "मलाही पहिली काही वर्षं येत नव्हता. तू बाकी कितीपासून सुरू करतेस? बाकी शून्य येणारी उदाहरणं आधी जास्त घेतेस का?" मग दोघी वहीत काहीतरी मांडायला लागल्या. तिसरीवर असलेले सर म्हणाले, की आपल्याकडूनच गुणाकार कच्चा जातोय बहुतेक, त्यांनीही खुर्ची ओढली. मोठ्या बाई म्हणाल्या, "उद्या चौथ्या तासाला माझा वर्ग बघायला ये, मी तेच घेणार आहे." "पण माझ्या वर्गावर कोण?" दारात उभ्या मुख्याध्यापकांनी हे ऐकलं होतं. ते म्हणाले, "मी घेतो तुमचा वर्ग. गोष्ट सांगू की शुद्धलेखन घेऊ, तेवढं सांगून ठेवा."